मुलासाठी जामीन

शास्त्रपाठ : उत्पत्ती ४३:१-१४, ४४:१८-३४, मत्तय २:१३-२३, इब्री लोकांस ७:१४-२२



परदेशी स्थायिक झालेल्या पुरुषाशी एखाद्या विधवा किंवा परित्यक्ता भगिनीचा पुनर्विवाह होणे ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत आता नवी राहिलेली नाही. पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांत ती घडते, तशीच नोकरीनिमित्त बडोदे, इंदूर, हैदराबाद वा दिल्ली येथे राहिलेल्या आपल्या कुटुंबांतही घडते. विवाह होतो, पाळकसाहेब आशीर्वाद देतात, जेवणावळ उठते आणि रजा संपताच वर आपल्या कामाच्या देशी परततो. काही काळाने पत्नीही त्याच्याकडे जाते. मागे राहते ते पहिल्या विवाहाचे लेकरू. ते बहुधा आजीजवळ असते. "तुला लवकरच बोलावून घेऊ," असे त्याला सांगितलेले असते. त्या 'लवकरच'मध्ये किती शाळेची वर्षे मावतात, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

आज आपण या लेकराविषयी, आणि ज्याने त्याच्यासाठी कागदावर सही करावयाची आहे त्या पुरुषाविषयी, पवित्र शास्त्राच्या प्रकाशात विचार करू. सही करणारी काही ठिकाणी सावत्र आईही असते. पुढे जे लिहिले आहे ते तिलाही लागू आहे.

कायदा काय मागतो

प्रथम कायद्याकडे पाहू. कारण शासनाधिकाऱ्यांच्या अधीन राहून वागणे हाही ख्रिस्ती मनुष्याचा धर्म आहे. आपल्या लोकांचा संबंध अधिक येतो तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांशी, म्हणून तेथील उदाहरण घेतो.

त्या देशाचा स्थलांतरविषयक कायदा सावत्र मुलाला 'मूल' म्हणून मान्य करतो. त्यासाठी सावत्र बापाने त्याला दत्तक घेतलेच पाहिजे, अशी अट नाही. अट आहे ती वेगळी : मुलाचे वय अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी त्याच्या आईचा व या पुरुषाचा विवाह झालेला असला पाहिजे. अठराव्या वाढदिवसानंतर विवाह झाला, तर या नात्याने सावत्र बापाला त्याच्यासाठी अर्ज करता येत नाही. अर्ज करणारा अमेरिकेचा नागरिक असेल आणि मूल अविवाहित व एकवीस वर्षांखालील असेल, तर ते निकटच्या नातेवाइकांत मोडते आणि वार्षिक संख्येच्या मर्यादेची रांग त्याला लागत नाही. अर्जदार नागरिक नसून केवळ ग्रीन कार्ड धारण करणारा असेल, तर मात्र ती रांग लागते.

अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. नागरिक असलेल्या पतीने पत्नीसाठी अर्ज केला म्हणजे तिचे मूल त्यातच आले, असे होत नाही. मुलासाठी आय-१३० हा अर्ज वेगळा करावा लागतो. त्याबरोबर मुलाचा जन्मदाखला, आईचा व सावत्र बापाचा विवाहदाखला आणि दोघांपैकी कोणाचा पूर्वविवाह झालेला असल्यास तो मृत्यूने अथवा घटस्फोटाने संपल्याचा पुरावा जोडावा लागतो. मुलाचा जन्मदाता हयात असेल आणि मुलावर त्याचा कायदेशीर हक्क असेल, तर ताब्याचा व संमतीचा प्रश्नही आधीच रीतसर सोडवावा लागतो. पुढे भारतात राहणाऱ्या मुलाची मुलाखत मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत होते. मूल आईच्या पदराला बांधलेले गाठोडे नव्हे. कायद्यापुढे त्याला स्वतःचे नाव आहे, स्वतःची फाईल आहे. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे प्रभूने म्हटले आहे (योहान १०:३). निदान नावाने हाक मारण्यापुरते तरी सरकारी कार्यालय येथे मेंढपाळासारखे वागते.

आणि सर्वांत जड कागद शेवटी येतो. तो म्हणजे आधाराचे प्रतिज्ञापत्र, आय-८६४. त्यात सही करणारा असे बांधून घेतो की, या मुलाला सरकारी मदतीवर अवलंबून राहावे लागणार नाही. त्यासाठी सामान्यतः त्याचे उत्पन्न, त्याच्या घरातील माणसांची संख्या लक्षात घेता, सरकारने ठरविलेल्या दारिद्र्यमर्यादेच्या निदान १२५ टक्के असावे लागते. ते कमी पडल्यास दुसरा सहजामीन घेता येतो. ही जबाबदारी किती काळ राहते? मूल पुढे अमेरिकेचे नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या खाती कामाच्या चाळीस तिमाही जमा होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम. अथवा ते देश कायमचा सोडीपर्यंत, किंवा मृत्यूपर्यंत. या यादीत घटस्फोट नाही. नवराबायको विभक्त झाली तरी त्या सहीचे बंधन सुटत नाही.

विवाहाच्या आनंदात असलेल्या कित्येक पुरुषांना या ठिकाणी थबकायला होते. "बायकोसाठी सही करीन, पण ज्याचा मी बाप नाही त्याच्यासाठी, आणि तीही इतकी वर्षे?" हा प्रश्न मनात येणे पाप नव्हे. पण त्याचे उत्तर द्यावेच लागते, आणि ते उत्तर शास्त्रात शोधावे लागते.

यहूदाची जामिनकी

दुष्काळ पडला होता. धान्य मिसर देशात होते, आणि तेथील अधिकाऱ्याने निक्षून सांगितले होते की, धाकट्या भावाला आणल्याशिवाय माझे तोंड पाहू नका. याकोब बन्यामिनाला सोडायला तयार नव्हता. राहेलीचा एक मुलगा त्याने गमावला होता. हा दुसरा गेला तर तो जगणार नव्हता.

तेव्हा थोरला रऊबेन पुढे झाला आणि म्हणाला की, मी बन्यामिनाला परत आणले नाही तर माझ्या दोन मुलांना ठार करा (उत्पत्ती ४२:३७). ऐकायला हे मोठे त्यागाचे वाटते. पण रऊबेनाने गहाण काय ठेवले? दुसऱ्याचे जीव, आणि तेही स्वतःच्या पोरांचे! याकोबाने ते मानले नाही. नंतर यहूदा पुढे आला. तो म्हणाला, मी स्वतः त्याचा जामीन होतो; त्याचा जाब माझ्यापाशी मागा (४३:८-९). याकोबाने मुलाला त्याच्या हाती दिले.

यहूदा हा लेआचा मुलगा आणि बन्यामीन राहेलीचा, हे येथे विसरू नये. ते सावत्र भाऊ होते. राहेलीच्या पहिल्या मुलाला, योसेफाला, विकून टाकण्याची कल्पना ज्याने मांडली होती तो हाच यहूदा (३७:२६-२७). ज्याने एका सावत्र भावाची किंमत घेतली तोच आता दुसऱ्या सावत्र भावाची किंमत द्यायला उभा राहतो. मनुष्याचे परिवर्तन याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच लिहिले गेले असेल.

मिसरात प्याला बन्यामिनाच्या गोणीत सापडला, आणि जामिनकी प्रत्यक्षात उतरविण्याची वेळ आली. तेव्हा यहूदाने केलेले भाषण शांतपणे वाचावे. त्यात तो आपल्या बापाचे शब्द सांगतो : माझ्या बायकोने मला दोनच मुलगे दिले (४४:२७). हे शब्द उच्चारणारा यहूदा कोण? याकोबाच्या पहिल्या पत्नीचा मुलगा! बापाच्या तोंडी 'माझी बायको' म्हणजे राहेल आणि 'माझे मुलगे' म्हणजे तिचे दोघे. त्या हिशेबात यहूदाची आई नाही आणि यहूदाही नाही. असे असूनही तो ते शब्द कडूपणा न दाखविता उच्चारतो, आणि त्याच मुलाच्या जागी मला दास करून ठेवा अशी विनंती करतो (४४:३३).

प्रिय बंधूंनो, विधवेशी विवाह करणाऱ्या पुरुषापुढे हीच कसोटी असते. पत्नीच्या हृदयात एक जुने प्रेम आहे आणि ते लेकरू त्या प्रेमाची जिवंत आठवण आहे. ते नाकारल्याने नाहीसे होत नाही. यहूदाने ते नाकारले नाही. जे आपल्याला मिळाले नाही त्याचा हिशेब मांडण्याऐवजी तो दुसऱ्याच्या लाडक्याचा जामीन झाला.

मूळ इब्री भाषेत येथे 'अरव' हे क्रियापद आहे; जामीन होणे, स्वतःला गहाण ठेवणे असा त्याचा अर्थ. त्याच धातूपासून आलेला शब्द ग्रीक भाषेत 'अर्राबोन' म्हणून शिरला आणि प्रेषित पौलाने तो पवित्र आत्म्याविषयी वापरला (इफिसकरांस १:१४). आपण मराठीत त्याला 'विसार' म्हणतो. विसार म्हणजे पुढील सर्व व्यवहार पुरा करण्याचे वचन, आजच हातात ठेवलेले. इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात आपला प्रभू यहूदाच्या वंशातून उदय पावला असे चौदाव्या वचनात सांगितले आहे, आणि बाविसाव्या वचनात त्यालाच अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे. यहूदाने एका मुलासाठी जे देऊ केले ते यहूदाच्या वंशजाने सर्वांसाठी दिले. आपली हमी घेणारा कोणी नव्हता तेव्हा त्याने सही केली, आणि ती आपल्या रक्ताने केली.

नीतिसूत्रांचा इशारा

येथे कोणी विचारील, "नीतिसूत्रे तर जामीन राहू नका असे बजावतात, मग काय करावे?" हा प्रश्न योग्य आहे. सहाव्या, अकराव्या व सतराव्या अध्यायांत तसा इशारा आहेच. पण तो कोणाला आहे ते पाहावे. विचार न करता हातावर हात मारणाऱ्याला, आपण मोठे आहोत हे दाखविण्यासाठी शब्द देऊन बसणाऱ्याला तो इशारा आहे. यहूदा तसा जामीन झाला नाही. दुष्काळ, बापाचे दुःख आणि आपल्या शब्दाची किंमत, हे सर्व जाणून तो बोलला. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असे प्रभूनेही शिकविले आहे (लूक १४:२८).

म्हणून माझे सांगणे असे की, हा खर्चाचा अंदाज विवाहापूर्वी व्हावा, विवाहानंतर नव्हे. विवाहाची सूचना मंडळीत वाचण्यापूर्वी वराला स्पष्ट विचारावे : या स्त्रीला लेकरू आहे, त्याच्यासाठी तू सही करणार आहेस काय? किती वर्षांचे बंधन आहे, हे तुला ठाऊक आहे काय? तुझे उत्पन्न पुरेसे आहे काय? एखाद्याने प्रामाणिकपणे "नाही" म्हटले, तर त्याचा राग धरू नये. विवाहापूर्वीचा प्रामाणिक नकार हा विवाहानंतरच्या टाळाटाळीपेक्षा दयाळू असतो. कारण टाळाटाळीचा काळ मुलाच्या वयातून वजा होत असतो. सही पुढे ढकलता येते. बालपण पुढे ढकलता येत नाही.

सत्याविषयीही एक शब्द. पुनर्विवाहाच्या बोलण्यात मुलाचे अस्तित्वच दडवून ठेवण्याचा मोह काही कुटुंबांना होतो. काही जण परदेशी कार्यालयाच्या अर्जातही ते लिहीत नाहीत. "आधी आई तर जाऊ दे, मग पाहू," असे म्हणतात. याची फळे कडू असतात. कॅनडाच्या २००२ सालच्या नियमावलीत असा नियम आहे की, जे मूल आईने वा बापाने आपल्या स्थलांतराच्या वेळी जाहीर केले नाही, आणि म्हणून ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे त्या आईने वा बापाने कुटुंबीय म्हणून बोलावता येत नाही. २०१९ साली काही प्रकरणांसाठी सवलतीची वाट मोकळी करण्यात आली. पण तिच्या आधी कित्येक कुटुंबांची ताटातूट झाली होती. ज्या लेकराचे नाव आपण कागदावर घेत नाही त्याला कागद ओळखत नाही. आणि आईने आपल्याला नाकारले होते, हे त्याला एक दिवस कळल्यावाचून राहत नाही.

बालक व त्याची आई

आता नव्या कराराकडे वळू. तेथेही एक योसेफ आहे, आणि तोही मिसर देशाला जातो.

मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील वंशावळीत 'याला तो झाला' असा क्रम एकसारखा चालतो. पण योसेफापाशी आल्यावर वाक्याची घडी मोडते. योसेफ हा मरीयेचा पती, आणि तिच्यापासून येशू जन्मला, असे मत्तय लिहितो. ग्रीक मुळात तेथील संबंधी सर्वनाम स्त्रीलिंगी आहे. इंग्रजी भाषांतरात हे लिंग दिसत नाही. आपल्या मराठीत 'जिच्या' म्हणताच ते लख्ख दिसते. मत्तयाला एका अक्षराचीही फसवणूक करावयाची नाही. मुलगा योसेफाच्या रक्ताचा नाही, हे तो उघड सांगतो.

दुसऱ्या अध्यायात देवदूत योसेफाला स्वप्नात आज्ञा देतो. बालकाला व त्याच्या आईला घेऊन मिसरात जा, असे तो सांगतो. परतण्याची आज्ञाही त्याच शब्दांत आहे. 'बालक व त्याची आई' हे शब्द आज्ञा व आज्ञापालन मिळून चार वेळा येतात (वचने १३, १४, २०, २१). 'तुझा मुलगा' असे देवदूत एकदाही म्हणत नाही. योसेफाला रक्ताच्या नात्याची कोणतीही भुलावण दिलेली नाही. तरी तो रात्रीच उठतो आणि सीमा ओलांडतो. नियमशास्त्राप्रमाणे चालणारा हा मनुष्य मुलाला नाव देतो (मत्तय १:२५), त्याला दाविदाच्या घराण्यात स्थान देतो, हेरोदापासून वाचवितो, अर्खेलावाच्या भयाने वाट बदलून गालीलात राहतो. शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. त्याचे पितृत्व सर्व कृतीत आहे.

आणि मग लूकाच्या दुसऱ्या अध्यायात, मंदिरात सापडलेल्या मुलाला मरीया म्हणते की, तुझा पिता व मी तुला शोधत होतो (वचन ४८). जे देवदूत म्हणाला नाही ते आई म्हणते. बारा वर्षांच्या सांभाळानंतर योसेफाला ते नाव मिळाले. याच अध्यायाच्या ३३ व्या वचनात प्राचीन हस्तलिखितांत 'त्याचा पिता व आई' असे आहे. पण नंतरच्या काही नकलकारांना 'पिता' या शब्दाचा संकोच वाटला आणि त्यांनी तेथे 'योसेफ' असे लिहिले. त्यांचा हेतू कुमारी-जन्माच्या सत्याचे रक्षण करण्याचा होता, हे मान्य. पण लूकाला तो संकोच वाटला नव्हता. मुलगा पवित्र आत्म्यापासून झाला हे आधीच्याच अध्यायात सांगूनही तो योसेफाला निःशंकपणे पिता म्हणतो.

आपल्या भाषेतील 'सावत्र' हा शब्द 'सापत्न'शी निगडित आहे, आणि त्याच्या पाठीमागे सवत उभी आहे. तो उच्चारताच घरात दोन बाजू पडतात. ज्याला कमी दिले जाते त्याला 'सावत्र वागणूक' मिळाली, असे आपण म्हणतो. नव्या करारात सावत्र बापासाठी असा वेगळा शब्द कोठेही वापरलेला नाही. योसेफ हा पती आहे, आणि पिता आहे. आपल्या घरातही हा शब्द कार्यालयाच्या अर्जापुरता ठेवावा. तेथे तो खरा आहे आणि आवश्यक आहे. उंबरठ्याच्या आत मात्र त्याला काम नाही.

सही आणि हाक

प्रेषित पौलाने 'ह्युओथेसिया' म्हणजे दत्तकपण हा शब्द पाच ठिकाणी वापरला आहे : रोमकरांस पत्रात तीनदा, आणि गलतीकरांस व इफिसकरांस एकेकदा. या शब्दात पुत्राच्या पूर्ण स्थानाची व वारशाची कल्पना आहे. गलतीकरांस चौथ्या अध्यायात तो सांगतो की, देवाने आपल्या पुत्राला स्त्रीपासून जन्मलेला, नियमशास्त्राधीन जन्मलेला असा पाठविले, यासाठी की आपल्याला दत्तकपण मिळावे. ज्याने पृथ्वीवर योसेफाच्या छायेत बालपण घालविले त्याच्याच द्वारे आपण देवाच्या घरची मुले झालो. म्हणून या विषयात आपण केवळ दाते नाही. आपण प्रत्येक जण त्या दूरच्या लेकराच्या जागी होतो.

येथे कायद्याची मर्यादा दिसून येते. अमेरिकेत २००० साली झालेला आणि २७ फेब्रुवारी २००१ पासून अमलात आलेला बाल-नागरिकत्व कायदा असा आहे की, कायम रहिवासी असलेले अठरा वर्षांखालील मूल नागरिक असलेल्या आईच्या वा बापाच्या ताब्यात तेथे राहत असेल, तर ते आपोआप नागरिक होते. परंतु रीतसर दत्तक न घेतलेल्या सावत्र मुलाला सावत्र बापाच्या नागरिकत्वामुळे हा लाभ मिळत नाही. तसेच मूल त्या देशात प्रवेश करते त्या दिवशी विवाहाला दोन वर्षे झालेली नसतील, तर त्याचा रहिवास दोन वर्षे सशर्त असतो आणि ती अट उठविण्यासाठी मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पुन्हा अर्ज करावा लागतो. कायदा पायरीपायरीने आत घेतो. देवाचे तसे नाही. इफिसकरांस २:१९ मध्ये पौल एकाच दमात दोन गोष्टी सांगतो : तुम्ही पवित्र जनांच्या बरोबरीचे नागरिक आहात, आणि देवाच्या घरचे आहात. सरकार पहिल्या गोष्टीची वाट दाखवू शकते. दुसरी गोष्ट घरानेच द्यावी लागते. कागद मुलाला त्या देशाचा रहिवासी करील. त्या घरचा तो होईल किंवा नाही, हे जेवणाच्या टेबलावर ठरेल.

म्हणून सही करणाऱ्या बंधूंना काही विनंत्या आहेत.

पहिली, सही करा, आणि केल्यावर ती मुलाला कधीही ऐकवू नका. पौलाने अनेसिमासाठी फिलेमोनाला स्वतःच्या हाताने लिहून दिले की, त्याच्याकडे जे काही येणे असेल ते माझ्या खाती मांड, मी फेडीन (फिलेमोनास १८-१९). ते पत्र फिलेमोनाला होते. उपकाराची आठवण करून देण्यासाठी ते अनेसिमाच्या हाती ठेवलेले नव्हते. "मी तुला येथे आणले," हे वाक्य रागाच्या भरात एकदा उच्चारले गेले, तर जामीन सावकार होतो.

दुसरी, मृत बापाचे नाव पुसू नका. आपल्या महाराष्ट्रीय रीतीप्रमाणे मुलाच्या नावाच्या मधोमध बापाचे नाव असते. नव्या विवाहानंतर ते घाईघाईने बदलण्याचा आग्रह काही घरांत होतो. सावत्र नात्याने केलेल्या अर्जाला त्याची गरज नसते. उलट जन्मदाखल्यावर एक व शाळेच्या दाखल्यावर दुसरे नाव झाले, तर चौकशा वाढतात. त्याहून महत्त्वाचे असे की, मूल ज्याला आठवते, किंवा ज्याच्या छायाचित्राला ओळखते, त्याला पुसून कोणी बाप होत नाही. पुढे मूल मोठे होऊन स्वतः इच्छील तर तुमचे नाव आनंदाने घेईल.

तिसरी, हाकेसाठी घाई करू नका. 'अब्बा' ही हाक आपल्या मुखी पवित्र आत्मा घालतो (रोमकरांस ८:१५). देव ती आपल्याकडून बळाने वदवीत नाही. विमानतळावर पहिल्यांदा भेटणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलाने लगेच "पप्पा" म्हणावे, अशी अपेक्षा ठेवू नये. ते काही महिने "काका" म्हणेल. म्हणू द्या. योसेफालाही वाट पाहावी लागली.

मातांना व मंडळीला

पुनर्विवाह केलेल्या भगिनींनो, तुमच्या मनात दोन भीती एकाच वेळी असतात : लेकरू दुरावेल ही, आणि नवरा नाराज होईल ही. पण मुलाविषयी बोलणे म्हणजे पतीवर ओझे टाकणे नव्हे. मरीयेने योसेफाला पिता म्हटले तसे तुम्हीही मुलापुढे पतीला त्याचे योग्य स्थान द्या, आणि पतीपुढे मुलाला त्याचे. लेकराला खरा काळ सांगा. "लवकरच" म्हणू नका. "अर्ज केला आहे, इतके महिने लागतील असे दिसते, आणि दर रविवारी मी फोन करीन," असे सांगा, व तो फोन चुकवू नका.

आजीविषयीही विसरू नये. याकोबाप्रमाणे तिच्या जिवात त्या लेकराचा जीव गुंतलेला असतो. मूल परदेशी जाते तेव्हा ती दुसऱ्यांदा रिकामी होते. तिला विश्वासात घेऊन, तिच्या आशीर्वादाने मुलाला न्यावे.

आणि मंडळीने काय करावे? पाळकांनी विवाहापूर्वी मुलाचा प्रश्न विचारावा, हे वर आलेच आहे. मंडळीच्या कारकुनाने विवाहनोंदीचा उतारा वेळेवर व अचूक द्यावा. एका चुकीच्या अक्षरापायी लेकराचे महिने जातात. ज्या घरात केवळ बाप्तिस्म्याचा दाखला जपून ठेवलेला आहे त्यांना नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला काढण्यास साहाय्य करावे. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या विषयाच्या जाणत्या वकिलाचा सल्ला घेण्यास सांगावे, आणि दलालांपासून सावध करावे. मागे राहिलेल्या मुलाला रविवारच्या शाळेत "याची आई परदेशी आहे" एवढीच ओळख असू नये. तो वाट पाहत असलेला मुलगा आहे; आणि वाट पाहणे म्हणजे काय, हे मंडळीइतके कोणाला ठाऊक असणार? आपणही आपल्या दत्तकपणाच्या पूर्णतेची वाट पाहत आहोत, असे पौल म्हणतो (रोमकरांस ८:२३). विसार मिळाला आहे, घर अजून दिसायचे आहे. जो आपला जामीन झाला तो आपल्यासाठी जागा तयार करायला गेला आहे, आणि त्याने आपले नाव कोणत्याही अर्जातून वगळलेले नाही.

ज्या बंधूपुढे आज तो कागद पडलेला आहे त्याला एवढेच सांगतो : खर्चाचा अंदाज करा, प्रार्थना करा, आणि मग न डगमगता सही करा. यहूदाने ती केली, योसेफाने ती केली, आणि प्रभूने ती तुमच्यासाठी केली.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या घरचे नव्हतो, तरी तू आम्हांला घरचे केलेस. जी लेकरे आज दूर राहून बोलावण्याची वाट पाहत आहेत त्यांना सांभाळ. त्यांच्यासाठी ज्यांनी शब्द द्यावयाचा आहे त्यांना खरेपणा दे, आणि दिलेला शब्द पाळण्यास बळ दे. त्यांच्या आजी-आजोबांचे सांत्वन कर. आमचा जामीन, आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावाने मागतो. आमेन.